खालचा उठतो, वर बसतो

हॅलिफॅक्सला, किंग क्रॉसच्या चढावर
मिसेस बॅराक्लफ राहतात.
पुढच्या खोलीत पियानो, त्यावर लूडोचा फासा,
अंडं उकडायचं वाळूचं घड्याळ
आणि बिस्किटांचा डबा, हात पुरणार नाही इतका लांब.
अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
त्यातल्या दोन वाजत नाहीत.
रागवायचं नाही त्यांच्यावर.

मी बावन्न वर्षांचा.
माझ्या करंगळीला आजवर एकच काम होतं,
कप धरला की बाजूला उभं राहायचं.

सी, ई, जी. एकाआड एक.
मी म्हटलं, सा ग प.
त्या म्हणाल्या, तुझ्या घरी काहीही म्हण, लव्ह,
पण मनगट पडू देऊ नकोस.
(इथे बसचा ड्रायव्हरही लव्ह म्हणतो.
पहिल्या वर्षी मी उतरायचं विसरायचो.)

मग खेळ.
समज, स्टॉपवरचा बाक आहे, तिघं बसलेत.
डावीकडचा उठतो,
दोघांच्या गुडघ्यांना वळसा घालून
उजव्या टोकाला जाऊन बसतो.
ग प सा.
माणसं तीच. बाक मात्र वेगळाच वाटतो,
जसा कुणी काही बोलता बोलता थांबलाय.
आता ग ची पाळी. ऊठ.
प सा ग.
आणि प उठला की सा पुन्हा पहिला,
आपल्याच घरी, पण वरच्या मजल्यावर.

मधलं बोट पहिल्या पालटीत रिकामं राहतं.
लग्नघरातल्या दूरच्या काकासारखं
इकडे सरकतं, तिकडे सरकतं,
मी काही आणू का, विचारतं.
काही आणू नकोस. बस.

फासा टाकायचा. एक म्हणजे सी, दोन म्हणजे डी,
असं पाचापर्यंत. सहा पडला तर बिस्किट.
कॉर्ड कुठली ते फासा सांगणार,
कितवी पालट ते खिडकीतून जाणारी बस:
नंबर सम असेल तर पहिली, विषम असेल तर दुसरी,
बस आलीच नाही तर सरळ, मुळातली.
रविवारी बस कमी असतात.
रविवारी मी फार सुंदर वाजवतो.

आळशाचा खेळ मला सगळ्यांत जमतो.
सी वरून एफ वर जायचं,
पण उड्या मारत नाही.
सा बसल्या जागी बसून राहतो,
ग शेजारच्या म कडे नुसता कलतो,
प एक पायरी चढून ध.
पंगतीत ताक आलं म्हणून कुणी उठतं का?
ज्याला हलायचं कारण नाही
त्याने हलू नये, मिसेस बॅराक्लफ म्हणतात,
आणि ब्याऐंशीव्या वर्षी
किटली बंद करायला स्वतःच उठतात.

घरी पियानो नाही.
घरी ओटा आहे, इस्त्रीचं टेबल आहे,
फ्रीजचं दार आहे, ते जरा उभं पडतं.
वैजू रात्रपाळी करून झोपलेली,
त्यामुळे आवाज नसलेलाच बरा.
पाणी उकळून टक् व्हायच्या आत
जी च्या तिन्ही पालटी, डाव्या हाताने.
चुकलो तरी कळत नाही,
म्हणून पुन्हा करतो.

काल दुपारी चहा घेऊन गेलो.
तिचा हात पांघरुणाबाहेर होता,
बोटांना राहवेना:
तिच्या मनगटावर सा ग प,
मग खालचा उठला, वर बसला.
डोळे न उघडता तिने माझंच मनगट धरलं,
तीन बोटं, शेजारी शेजारी,
एकही घर न सोडता.
बावीस वर्षं वॉर्डात हेच वाजवलंय तिने.
थोडा वेळ दोघंही गप्प.
अठ्ठ्याऐंशी, ती म्हणाली. जरा जास्त आहेत. बस.

मी म्हटलं, बरोबर आहेत.
त्यातले दोन वाजत नाहीत.