अकरा फुटांची गल्ली

आमची येरवड्याची गल्ली अकरा फूट रुंद.
लांबचा फटका मारला तर बॉल थेट
कांताबाईच्या टीव्हीत.
म्हणून मी लांबचं शिकलोच नाही.
ते साहेब लोकांचं. ढगाला शिवी हासडल्यासारखा
ड्रायव्हर फिरवायचा,
मग बाभळीत शिरून बॉल शोधायचा आम्ही.

मला येतं ते शेवटच्या साठ पावलांचं.

साधनं म्हणाल तर वाळूचं जुनं घमेलं,
सुंदराची कपडे वाळत घालायची दोरी,
आणि एक वेज. कुलथे साहेबांनी रागाच्या भरात
तिची मान वाकवली होती, मी घणानं सरळ केली.
थोडी तिरकी राहिलीच.
आता मीही तिरका उभा राहतो. जमतं.

दोरीवर साडी वाळत असते.
बॉल साडीवरून जाऊन घमेल्यात पडायला हवा,
साडीला वारासुद्धा लागता कामा नये.
हा नियम सुंदराचा.
चुकलो तर साडी परत मी धुवायची.
पहिला महिना मी फार धुतलं.

उतार वाचायला गटारानं शिकवलं.
पाणी जिकडं वळतं, तिकडं बॉल वळतो;
फक्त पाण्याला घाई नसते.
गवंड्याची रंगाची दोरी फरशीवर झटकली
की सरळ रेघ कशी असते ते दिसतं,
आणि आपण किती वाकडे आहोत तेही.

काखेत टॉवेल धरायचा.
तो पडला तर हात एकटेच पळाले, अंग मागं राहिलं.

रुपयावर रुपया ठेवायचा.
पटरनं वरचा उडवायचा,
खालच्याला कळूसुद्धा द्यायचं नाही.

हे मला आमच्या अण्णाकडून आलं.
अण्णानं गोल्फ कधी बघितला नाही.
तो पाट्याला टाकी लावायचा.
सकाळी बंडगार्डनचा पूल ओलांडून पेठांत जायचा,
टाकीऽऽ अशी हाक, आणि मग दिवसभर
टक टक टक, तांदळाएवढे घाव.
म्हणायचा, यल्ल्या, जोर सगळ्यांकडं असतो.
मोठा घाव घातला की पाटा फुटतो,
आणि फुटल्या पाट्याचे पैसे बाई आपल्याकडून घेते.
मनगट झोपलेलं पाहिजे, कोपर जागं.
पुढं घरोघर मिक्सर आले.
अण्णाचा हात रिकामा झाला,
तरी बसल्या जागी गुडघ्यावर
बोटांनी टक टक चालायचं.

परवा कुलथे साहेब गल्लीत आले.
सहा महिने त्यांचा तीन फुटांचा पट जात नव्हता.
परदेशातून आरसा आणला, लाल किरण सोडणारी डबी आणली,
हात तरी थरथरतोच.
म्हणाले, धोत्रे, तुझं ते घमेलं दाखव.

पहिलाच बॉल साडीत गेला.
हिरवी होती, काठाची, सणाची.
सुंदरा काही बोलली नाही,
बादली आणून पुढ्यात ठेवली.

मला वाटलं, आता माझं काम गेलं.
साहेबांनी घड्याळ काढून माझ्याकडं दिलं,
नळाशी उकिडवे बसले.
धुतलं बरं. पण पिळताना
दोन्ही मनगटं अशी फडफडली,
पिशवीत कोंबडी असल्यासारखी.
मी तिथंच ओळखलं.
सहा महिन्यांचं दुखणं नळाखाली सापडलं.

म्हटलं, साहेब, बॉल राहू द्या.
आधी पिळायला शिका.
जाताना दोन रुपये हातावर ठेवले,
एकावर एक कसे ठेवायचे ते दाखवलं.
उद्या परत आणा म्हटलं.

आज तीन आठवडे झाले.
दोन रुपये काही परत आले नाहीत.
सुंदरा म्हणते, श्रीमंत माणसं अशीच.
मी काही म्हणत नाही.
अजून खालचा उडत असणार.