लाह्या

नाना, तिथला समुद्र बोलतो, हे तुला कसं सांगू?
तुझे दोन्ही कान विहिरींनी घेतले.

चोपडा तालुक्यात कुणाची मोटार पडो, कुणाची कळशी,
उखर्डू पाणबुड्याला निरोप.
मोटारीचे तू अडीचशे घ्यायचास,
माणसाचे कधीच नाही.
कमरेला सुंभाचा दोर, पंचवीस हात खाली,
आणि एवढंसं कुणी सांगितलं नाही तुला
की उतरताना नाक चिमटीत धरून
आतल्या आत फुंकायचं असतं.

हॅवलॉकला पहिल्याच सकाळी मला तेच शिकवलं,
दोन मिनिटांत.
मी मास्कच्या आत रडले.
मास्कमधलं पाणी काढायचं कसं
ते त्यांनी दुसऱ्या दिवशी शिकवलं.

आता सुट्टीवर आलेय तर ओट्यावर बसून तू विचारतोस,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं:
"तठे पानी कितलं खोल शे वं, माय?"
मी दहा बोटं चारदा उघडते.
तू शीळ घालतोस. ती तुला ऐकू येत नाही.

मोबाइलवर दाखवते:
हा पोपटमासा, दगड कुरतडतो, मागून वाळू सोडतो.
हे कासव, गाडीच्या चाकाएवढं, झोपलंय.
हा बिळातून फक्त तोंड काढून बसलेला,
शेजारच्या हिरामण तात्यासारखा.
खातात का, तू हातानं विचारतोस.
नाही नाना, बघतात.
पैसे देऊन? नुसतं बघतात?
तू पाण्यात कधी काही बघितलंच नाहीस.
गाळ, मिटलेले डोळे,
हाताला लागेल ते.

पण आवाज राहिलाच.
तिथला खडक रात्रंदिवस तडतडतो,
पेराएवढ्या कोळंब्या नांग्या वाजवतात,
शेकडो, हजारो, दिसत एकही नाही.

आईला म्हटलं, ज्वारी काढ.
चुलीवर कढई, कढईवर ताट,
ताटावर ओलं फडकं, फडक्यावर तुझा तळवा.
पहिली फुटली. थांबली.
मग दोन.
मग सगळा खडक.

तुझे डोळे आपसूक मिटले,
गाळात मिटायचे तसे.
बऱ्याच वेळानं तू अंगठा वर केलास.
आम्हा पाण्याखालच्यांत त्याचा अर्थ, पुरे, वर चल.
ओट्यावरच्यांत, झकास.
कुठला, ते मी विचारलं नाही.

"ओ, जळतीन ना!" आई ओरडत होती,
दोघांपैकी कुणीच ऐकत नव्हतं.