न पडलेली नाळ

एर्झुरूमच्या सरकारी दवाखान्यात तळघरात बसते मी.
जानेवारीत खिडकीची वरची चार बोटंच बर्फाबाहेर असतात.

सकाळी तुरगुतचं रक्त आलं. दोन मिलिलिटर. वय एकोणतीस दिवस.
चिठ्ठीवर डॉक्टरबाईंचं घाईतलं अक्षर:
नाळ अजून पडलेली नाही. बेंबी लाल. पू धरलेला नाही.

पू नाही म्हटल्यावर त्याच्या आजोबांना बरंच वाटलं असणार.
जिन्यात भेटले, मुठीत रिकामी काड्यापेटी.
नाळ पडली की तीत ठेवायची,
गावच्या शाळेच्या आवारात पुरायची.
पोरगा शिकतो म्हणे.
"शाळा उघडेपर्यंत तरी पडेल ना?"
मी म्हटलं, बघते.

पांढऱ्या पेशी हव्यात त्याच्या सहापट.
अख्खं सैन्य रात्रंदिवस धावतंय
बेंबीच्या अगदी जवळून,
आणि एकालाही थांबता येत नाही.

थांबायला चिकटावं लागतं.
आधी भिंतीला घासत, गडगडत वेग मारायचा,
मग घट्ट धरायचं,
मग भिंतीतल्या दोघींच्या मधून अंग चोरून पलीकडे.
त्या दोघी गुंफलेली बोटं सोडतात, क्षणभर,
की परत गुंफतात.
भिंत भिंतच राहते.

तुरगुतच्या पेशी गडगडतात. तेवढं जमतं त्यांना.
धरायला हात नाही.
सीडी-अठराचा आलेख शून्याला टेकून बसला.
पुन्हा लावला.
खात्रीसाठी शेजारी माझं रक्त लावलं:
माझी टेकडी उजवीकडे, भरघोस,
कुणाच्या सुतकात जरीचं लेऊन आल्यासारखी.

नाळ आपोआप पडते म्हणतो आपण.
आपोआप कसली!
कुणीतरी ती कुरतडून सोडवतं,
आणि सोडवणाऱ्यालाच आधी
कुठेतरी पाय रोवता यावे लागतात.

दुपारी त्याची बहीण आली, निलाय, सहा वर्षांची.
मगज जुळतो का पाहायला.
सुई टोचताना रडली नाही.
"त्याला किती लागेल?" विचारलं,
आणि दुसरा हातही पुढे केला.
तिचं उत्तर गुरुवारी.

अहवालात मी लिहिलं: दोन टक्क्यांहून कमी.
काड्यापेटीचा रकाना अहवालात नसतो.

निघाले तेव्हा बाहेर उणे सव्वीस.
हातमोजे टेबलावरच राहिलेले.
फाटकाची लोखंडी कडी बोटांना चिकटली, ओढली तर
थोडी कातडी तिथेच राहिली.
बाकीची, एकमेकींना धरून, माझ्याबरोबर घरी आली.

आता रात्रीचे अकरा.
बोट लाल झालंय, ठणकतंय.
म्हणजे कुणीतरी
थांबलंय तिथे.