दुसरा खेळाडू

पुंता अरेनासच्या दवाखान्यात
वारा खिडकी खडखडवतो.
"हात वर कर," म्हटलं की
मियाराय मान हलवते. नाही.
कुंपणावरून पडल्यापासून कोपर
गंजल्या बिजागरीसारखं.

मग पडद्यावर वरून मासे पडू लागतात
आणि ती कोपर विसरून झेलते,
एक, दोन, तो निसटला, अगं तो!
कोनमापक माझ्या खिशातच.
नजरेनं मोजते : एकशे दहा अंश.
बोलत नाही.

मागच्या बाकावर तिचा बाप.
खेकड्यांचे पिंजरे ओढून ओढून
खांदा कधीचा आखडलेला,
कुणाला न दाखवलेला.
कुणी बघत नाहीसं पाहून
तोही हात उचलतो
कानापर्यंत. तिथंच अडतो.

कॅमेऱ्याला मात्र दिसतं.
पडद्यावर अक्षरं :
दुसरा खेळाडू आला.

"पापा, तो मोठा तुझा!"