कानावरची पेन्सिल

आरोसकरांच्या दुकानात
मी पंचवीस तारखेनंतरच जाते.
गूळ, उकडे तांदूळ, पाव किलो तेल –
"लिवन ठेवा."
ते लिहितात.
पेन्सिल परत कानावर.

पगार झाला की बोट
मोबाईलवर आपोआप धावतं.
कुडाळहून खोक्यांची गाडी येते,
पत्ता विचारायला थांबते
त्यांच्याच पायरीशी.
माझं घर तेच दाखवतात.

वादळात टॉवर आडवा झाला, पाच दिवस.
अख्खी निवती त्यांच्या वहीत उतरली.

आज फेडायला गेले.
फोन पुढे केला, तर म्हणाले,
"ता झिलाच्या खात्यात जाता, पुण्याक.
मीठ सोपला, घाऊकवालो रोखच मागता."

पाकिटात एक नोट नव्हती.

पेन्सिल
कानावरून खाली आली.