तीन काजं

कोपरखैरण्यात सेक्टर पंधराला माझं टेलरिंग,
म्हणून आधी भोकंच पाहिली:
डाव्या काखेखाली तीन,
कोटाच्या काजाएवढी. काम सफाईदार.

भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, शंभरापासून उलटे मोजा.
सत्त्याण्णवनंतरचं मला माहीत नाही.
फुप्फुसातली गाठ गेली, तुकड्यासकट.

आठ महिने झाले.
आता मलमलसुद्धा भाजते.
बनियन उलटं घालतो, शिवण बाहेर.

"दहापैकी किती दुखतं?" वाशीला विचारतात.
मी टेपवाला माणूस, पाव इंचही सांगेन,
पण रात्री दोनला कुणी फासळ्यांमधून
दोरा ओढतं, गाठ मारायला विसरतं,
पुन्हा ओढतं –
याला काय सांगू?
सहा म्हणतो.

हौसा म्हणते, वरून तर काहीच दिसत नाही.

ट्रायलला आलेल्यांना हल्ली मी दोनदा विचारतो:
काखेत कुठे टोचत नाही ना?