तार सरकली आहे

डॉक्टर तोतलांनी फोटो दिव्यापुढं धरला
आणि म्हणाले, तार सरकली आहे.
जसं कुणी म्हणावं, दूध नासलं.

अठरा वर्षं मी चुंबक चालवलं,
जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात.
वर काचेच्या खोलीत मी, खाली भंगाराचा डोंगर.
ट्रॅक्टरचे फाळ, कूलरचे पत्रे,
कुठल्यातरी शाळेचे बाक,
एकदा तर अख्खी शिलाई मशीन, पायडलासकट.
बटण दाबलं की सगळं झेपावून वर यायचं,
सोडलं की भट्टीत.
सरकलेली तार मला कळते, डॉक्टर.

आता डाव्या हासळीखाली
काडेपेटीएवढं यंत्र आहे.
वरची कातडी पातळ झाली,
बनियनमधूनही कड दिसते.
टायटॅनियम म्हणे.
आमचं चुंबक त्याला उचलणार नाही,
ढुंकूनही बघणार नाही.
पण मी चुंबकाजवळ गेलो
तर हेच आपलं काम विसरेल.

मालकांनी काढलं नाही, गेटवर बसवलं.
गाड्यांचे नंबर लिहितो. भरलेली आली, रिकामी गेली.
माझ्यासाठी पिवळा पट्टा ओढलाय जमिनीवर.
त्यापलीकडं, वरच्या खोलीत,
माझा चहाचा कप अजून खिळ्याला आहे.
नवा पोरगा तो वापरत नाही.
का वापरत नाही, कोण जाणे.

ठोका काळजाला द्यायचा, तो पोटाला बसतो.
बरगडीखाली टुक्, टुक्, मिनिटाला साठ.
डाव्या कुशीवर वळलं की जास्त.
परवा रात्री प्रयागनं तळहात ठेवला तिथं,
बराच वेळ ठेवला,
आणि अंधारात हसली.
"रेणूच्या टायमाला अस्संच. सातव्या महिन्यात.
म्या सांगायचे,
तुमी म्हनायचे, झोप आता."
मी काही बोललो नाही.
खरंच म्हणायचो.

घाटीत जाताना खलील बरोबर येतो.
एसटीत खिडकी मला देतो, ऊन असलं तरी.
त्याच्या उजव्या पायात सहा स्क्रू आहेत,
थंडीत ते त्याला मोजून दाखवता येतात.
चौदा साली लाईट गेली,
चुंबकाच्या बॅटरीनं दगा दिला,
आणि दीड टन माल अधांतरी होता तो
अधांतरी राहिला नाही.
चौकशीत लिहिलं, यांत्रिक बिघाड.
बॅटरीचा गजर मी सकाळपासून ऐकत होतो.
पाळी संपली की सांगू म्हटलं होतं.
हे कुठल्या कागदावर नाही.

बदनापुरात गाडी थांबली की तो भजी घेतो,
मिरची बाजूला काढतो, मला देत नाही.
म्हणतो,
"अपन दोनों को तोल के बेचे तो कित्ते आते रे?"
मी हिशोब मांडतो.
स्क्रू स्टीलचे, त्यांचा भाव ठाऊक आहे.
माझ्या डबीचा भाव जालन्यात कुणी सांगेना.
मेल्यावर ती काढून घ्यावी लागते म्हणे,
नाहीतर सरणात फुटते.
प्रयागला हे अजून सांगितलेलं नाही.
पण तिनं कुठूनतरी ऐकलंय,
परवापासून डबीच्या बाजूला झोपत नाही.

टाक्याच्या कडेनं पाणी येतंय.
पुन्हा उघडणार, तार परत बसवणार,
नाही जमलं तर सगळंच काढून उजवीकडं.
फॉर्मवर सही प्रयागनं केली,
रेणूच्या प्रगतिपुस्तकावर करायची तशी,
पुरं नाव, शेवटी टिंब.

रात्री वॉर्डात पंखा एकच, तोही आमच्यावर नाही.
प्रयाग खाली चटईवर.
खलील खाटेच्या पायथ्याशी,
बूट काढून, दुखरा पाय लांब करून.
तीनदा ओठावर आलं.
चौथ्यांदा म्हटलंच, "खलील, त्या दिवशी..."
"मालूम है," तो म्हणाला, "सो जा."
काय मालूम, ते मी विचारलं नाही.
पोटात टुक्, टुक् चालूच होतं.